कोलमन, जॉन

(२३ नोव्हेंबर १९२८ – ५ एप्रिल १९७३). ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळातील विख्यात आघाडीपटू व प्रशिक्षक. जन्म व्हिक्टोरिया राज्यातील पोर्ट फेरी येथे. हेस्टिंग्ज येथील संघाकडून खेळताना त्याच्या गोलांची संख्या लक्षवेधी ठरली आणि १९४९ मध्ये मेलबर्नच्या एसेंडन संघात त्याचा समावेश झाला.

हा खेळ लंबगोलाकृती मैदानावर, लंबगोल चेंडूने, प्रत्येकी १८ खेळाडूंच्या दोन संघांत खेळला जातो. मैदानाच्या दोन्ही टोकांस चार-चार खांब असतात. पायाने मारलेला चेंडू मधल्या दोन खांबांतून पार झाल्यास गोल होऊन ६ गुण मिळतात. दुसऱ्या खेळाडूने मारलेला चेंडू ठराविक अंतर पार करून आला असता तो अधांतरी झेलणाऱ्यास निर्वेध फटका मारता येतो. त्यामुळे गोलासमोर उभ्या राहणाऱ्या आघाडीपटूस उंच उडी व अचूक नेम हे दोन्ही गुण आवश्यक असतात. कोलमनमध्ये ते असामान्य प्रमाणात एकवटले होते.

हॉथॉर्नविरुद्धच्या पदार्पणाच्या सामन्यातच त्याने १२ गोल केले. त्याच वर्षी कार्लटनविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याचे हंगामातील १०० गोल पूर्ण झाले व एसेंडनने ७३ गुणांनी विजेतेपद मिळविले. १९५० मध्ये त्याने १२० गोल केले व एसेंडन पुन्हा विजेता ठरला. १९५१ च्या साखळीतील अखेरच्या सामन्यात कार्लटनच्या एका खेळाडूशी झालेल्या हाणामारीबद्दल दोघांनाही चार सामन्यांची बंदी झाली. कोलमन अंतिम फेरीस मुकला आणि एसेंडनला जीलाँगकडून केवळ ११ गुणांनी हार पत्करावी लागली. १९५२ मध्ये १०३ व १९५३ मध्ये ९७ गोल करून तो पुन्हा अग्रस्थानी राहिला.

१९५४ मध्ये फिट्झरॉयविरुद्ध त्याने १४ गोल केले. परंतु पुढच्याच सामन्यात गुडघा निखळला. शस्त्रक्रियेनंतरही त्याला मैदानावर परतता आले नाही. अशा रीतीने वयाच्या पंचविसाव्या वर्षी त्याची कारकीर्द संपली. अवघ्या ९८ सामन्यांत त्याने ५३७ गोल केले. म्हणजे दर सामन्यास सरासरी सुमारे साडेपाच.

१९६१ ते १९६७ या काळात तो एसेंडनचा प्रशिक्षक होता. त्याच्या मार्गदर्शनाखाली संघाने १९६२ व १९६५ मध्ये विजेतेपद पटकाविले. ड्रोमाना येथे हृदयविकाराने त्याचे निधन झाले. साखळी सामन्यांत सर्वाधिक गोल करणाऱ्या खेळाडूस १९८१ पासून त्याच्या नावाचे पदक देण्यात येऊ लागले. १९९६ मध्ये निवडलेल्या शतकातील सर्वोत्कृष्ट संघात गोलासमोरील आघाडीपटूचे स्थान त्यालाच देण्यात आले.