त्रेपन्न ऐकलं, पस्तीस लिहिलं

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतून मी तुमच्याशी बोलतेय.

आमच्या बचत गटात एकदा हिशेब जुळेना. पेटीत वहीपेक्षा १८ रुपये जास्त निघाले. रात्रीचे नऊ वाजलेले, घरी स्वयंपाक खोळंबलेला आणि वही लिहिणाऱ्या वहिनी रडकुंडीला आलेल्या. "मला न्हाई जमायचं, दुसरीला द्या वही," म्हणाल्या. शेवटी चूक सापडली. व्याजाचे त्रेपन्न रुपये ऐकून त्यांनी लिहिले होते ३५.

हा वेंधळेपणा नव्हे, बरं का. 'त्रेपन्न' म्हणताना तीन आधी येतात, पन्नास मागून. लिहिताना मात्र पाच आधी, डावीकडे. कान एक क्रम सांगतो, हाताला दुसरा पाळावा लागतो. बैठकीच्या गलक्यात लक्ष जरा हललं की अंक जागा बदलतात. जर्मन भाषेतही असंच आहे. म्हणूनच २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस सात' असं वाचन आलं. त्यावर मोठा वाद झाला. तेव्हा गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी मुलांची हीच अडचण समजावून सांगितली होती.

मनात आकड्यांना जागाही असते. फ्रान्सच्या स्टानिस्लास देहान यांनी १९९३ साली माणसांना एकेक अंक दाखवून सम की विषम ते बटण दाबून सांगायला लावलं. लहान अंकाला डावा हात चटकन चालला, मोठ्याला उजवा. जणू डोक्यात शिवणकामाची टेप पसरलेली! उजवीकडून डावीकडे लिहिणाऱ्या अरबी लोकांत ही टेप उलटी आढळली. म्हणजे यात लिहिण्या-वाचण्याच्या सवयीचा वाटा आहे.

मेंदूच्या झटक्यानंतर काही जणांचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. ताटातला डावीकडचा भात तसाच राहतो. इटलीतल्या संशोधकांनी २००२ साली अशा रुग्णांना विचारलं, दोन आणि सहाच्या मधोमध कोणता आकडा? उत्तर आलं, पाच! बेरीज-वजाबाकी येत होती, पण मनातल्या टेपेची डावी बाजू निसटत होती. घरातल्या आजारी माणसाचं असं झालं तर त्याला हट्टी म्हणू नका, डॉक्टरांना सांगा.

आता वहीसाठी तीन गोष्टी. एक, रक्कम ऐकली की फोडून मोठ्यानं म्हणा: "पन्नास आणि तीन." दोन, वहीत दशक-एककाची घरं आखा. तीन, फरकाला ९ नं भाग जात असेल, १८, २७, ४५ असा, तर शेजारचे अंक उलटे पडलेत का ते आधी बघा. ५३ वजा ३५, बरोबर १८!

आणि हो, वही अजून वहिनींकडेच आहे.