सर्व्हरचे नेटवर्क कार्ड अधूनमधून दगा देते तेव्हा

कापडाच्या पेठेत वही-रोजमेळीचे दिवस आता जवळजवळ संपले. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला, 1 एप्रिल 2018 पासून परराज्यात जाणाऱ्या मालासाठी ई-वे बिल आले, आणि गाठ गोदामातून निघण्याआधी बिल संगणकावर चढलेच पाहिजे असा रिवाज पडला. मालेगाव असो, भिवंडी असो की इचलकरंजी, मध्यम व्यापाऱ्याच्या पेढीवरही आज एक सर्व्हर आणि त्याला जोडलेले चार-पाच संगणक दिसतात. हा सर्व्हर साफ बंद पडला तर फारशी फिकीर नसते. कारीगर येतो, बिघडलेला पुर्जा बदलतो, काम सुरू होते. खरी डोकेदुखी असते ती दिवसातून एक-दोन वेळा आणि तीही दोन-चार मिनिटांपुरती तुटणाऱ्या नेटवर्कची. कारीगर येईपर्यंत सारे सुरळीत चाललेले असते. तो सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करतो, ‘ड्रायव्हरचा प्रॉब्लेम होता’ असे सांगतो, पैसे घेतो आणि जातो. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच रडगाणे.

हा ड्रायव्हर म्हणजे काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. सर्व्हरमधील नेटवर्क कार्ड हे लूमसारखे एक यंत्र आहे आणि विंडोज किंवा लिनक्स हा त्याचा मालक आहे. दोघांच्या मध्ये जो जॉबर असतो, तो ड्रायव्हर. मालकाचा हुकूम यंत्राला समजेल अशा भाषेत सांगायचा आणि यंत्र अडले की मालकाला खबर द्यायची, एवढेच त्याचे काम. लूम वारंवार थांबू लागला तर दोष सुताचा असू शकतो, लूमचा असू शकतो, वीज कमी-जास्त होत असेल, हवा कोरडी असेल किंवा जॉबर अनाडी असेल. खबर मात्र दर वेळी जॉबरच आणतो. संगणकाचेही असेच आहे. लिनक्सच्या नोंदीत ‘नेटडेव्ह वॉचडॉग’ आणि ‘ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट’ असे शब्द ड्रायव्हरच्या नावासह दिसतात. याचा अर्थ इतकाच की कार्डाला पाठवायला दिलेला माल ठरलेल्या काही सेकंदांत गेल्याची पोच आली नाही, म्हणून आता कार्ड नव्याने सुरू करण्यात येत आहे. पोच का आली नाही, हे त्या ओळीत कोठेही लिहिलेले नसते. इंटेलच्या कार्डांवर ‘हार्डवेअर युनिट हँग’ अशी ओळ येते, तिचेही तसेच. ड्रायव्हरचे नाव दिसले म्हणून त्याच्यावरच आरोप ठेवणे हा न्याय नव्हे.

आमच्या पेठेतील एका घाऊक व्यापाऱ्याकडे या बिघाडातून मोठा पेच उभा राहिला. महिनाअखेर साठा जुळेना. उधारीवर गेलेल्या काही थानांची बिलेच हिशेबात नव्हती. काउंटरवर बसणाऱ्या मुलावर संशय गेला आणि त्याला कामावरून काढण्याची गोष्ट निघाली. मुलगा सांगत होता की बिल लिहिताना पडदा गोठतो, गिऱ्हाईक घाई करते, म्हणून कच्ची चिठ्ठी देऊन माल दिला आणि नंतर नोंद राहून गेली. पण तो म्हणे त्या वेळी संगणक नीट चालत असे, मग ऐकणार कोण? अखेर विंडोजचे इव्हेंट व्ह्यूअर उघडण्यात आले. संगणक स्वतः लिहितो ती ही रोजनिशी, तारीख आणि वेळेसह. तिच्यात नेटवर्कचा दुवा तुटल्याच्या नोंदी होत्या. त्या मुलाने सांगितलेल्या दिवसांशी त्या जुळल्या, आणि विशेष म्हणजे बहुतेक सगळ्या जोहरच्या नमाज आणि जेवणाच्या सुट्टीच्या आगेमागे होत्या. सूरह हुजुरातमध्ये बदगुमानीपासून दूर राहण्याचा जो हुकूम आहे, तो दुकानाच्या गल्ल्यावरही लागू आहे, हे येथे नमूद करावेसे वाटते. त्या मुलाची नोकरी वाचली, अल्हम्दुलिल्लाह.

सुट्टीच्या वेळेचा हा धागा फार कामाचा ठरला. नेटवर्क शांत असताना वीज वाचावी म्हणून कार्ड आणि स्विच दोघेही डुलकी घेतात. याला एनर्जी एफिशियंट इथरनेट म्हणतात आणि त्याचे मानक 2010 साली मंजूर झाले. नवे कार्ड आणि जुना स्विच यांचे या बाबतीत पटले नाही तर जाग येताना दुवा तुटतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या ॲडव्हान्स्ड पानावर ही सोय बंद करता येते. शेजारच्या पॉवर मॅनेजमेंट पानावर ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्यावे’ अशा अर्थाची जी खूण असते, तीही सर्व्हरवर काढून टाकावी. वरील पेढीवर एवढ्यानेच काम झाले.

परंतु सर्वांचे दुखणे हेच असेल असे नाही. बिघाड शांततेत न होता गर्दीत होत असेल, म्हणजे रात्री बॅकअप चालू असताना किंवा रमजानच्या शेवटच्या अशऱ्यात सगळे काउंटर एकदम चालतात तेव्हा, तर तपास दुसरीकडे वळवावा लागतो. म्हणूनच मी सांगतो की कारीगराला बोलावण्याआधी एक साधी वही घाला. किती वाजता तुटले, एकच संगणक तुटला की सगळे, त्या वेळी काय चालले होते, किती वेळाने आपोआप जुळले. आठ दिवसांची ही वही पन्नास रिस्टार्टपेक्षा जास्त सांगते. एकच संगणक तुटत असेल तर सर्व्हरला हात लावण्याचे कारणच नाही.

सगळेच तुटत असतील तर पहिली नजर केबलवर. गिगाबिट वेगासाठी केबलमधील चारही जोड्या, म्हणजे आठही तारा शाबूत लागतात. शंभर मेगाबिटला दोनच जोड्या पुरतात. म्हणून कार्डाच्या स्टेटस पानावर हजारऐवजी शंभरचा आकडा दिसू लागला की एखादी तार सैल झाल्याची शंका घ्यावी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते. ती वाकवली की आतून तुटते, बाहेरून दिसत नाही. कारखान्यात तर सुताची धूळ स्विचच्या खणात जाऊन बसते आणि मोटारीच्या वायरींसोबत एकाच पट्टीतून नेटवर्कची केबल नेलेली असते. केबलची एकूण लांबी शंभर मीटरच्या आत असावी. कार्डाच्या मोजणीत सीआरसी एरर नावाचा आकडा वाढत असेल तर माल रस्त्यात खराब होत आहे असे समजावे. ते दुखणे बहुधा केबलचे किंवा खणाचे असते आणि कोणताही ड्रायव्हर ते बरे करणार नाही.

दुसरी नजर वेगाच्या बोलणीवर. कोणी हुशार माणसाने स्विचवर वेग हाताने बांधून ठेवलेला असतो आणि कार्ड मात्र आपोआप ठरवण्यावर असते. मग एक बाजू दुतर्फा बोलते, दुसरी एकतर्फा. अशा जोडीत किरकोळ काम ठीक चालते, पण बोजा पडला की नेटवर्क रखडते. दोन्हीकडे ऑटो ठेवावे. तांब्याच्या केबलवरील गिगाबिटला ते लागतेच.

एवढे सारे पाहून झाल्यावर ड्रायव्हरकडे यावे. येथे घाई नको. नीम हकीम खतरा-ए-जान ही म्हण संगणकाच्या हकिमांनाही लागू पडते. आधी आत असलेल्या ड्रायव्हरची आवृत्ती आणि तारीख वहीत लिहावी, म्हणजे परत फिरता येते. बिघाड ज्या दिवशी सुरू झाला त्याच्या आसपास विंडोजने आपणहून अपडेट घेतले होते का, तेही पाहावे. नवा ड्रायव्हर सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीकडून घ्यावा आणि कार्डाच्या आतले फर्मवेअर त्याच्या जोडीचे असावे. एका वेळी एकच बदल करून तीन-चार दिवस थांबावे. बोजा पडल्यावरच अडणाऱ्या कार्डात टीएसओ नावाची सोय तात्पुरती बंद करून पाहतात. तिच्यात मोठ्या मालाचे तुकडे करण्याचे काम प्रोसेसरऐवजी कार्ड करते. कधी कधी रोग तेथेच सापडतो.

दोष ड्रायव्हरपेक्षाही खोल असू शकतो, याचे एक उदाहरण जगभर गाजले. अमेरिकेत इंटरनेट टेलिफोनच्या कामातील एका इंजिनिअरच्या यंत्रांतील इंटेल 82574एल जातीची कार्डे अधूनमधून मरत. रिस्टार्टने भागत नसे, वीजच तोडून जोडावी लागे. पुष्कळ दिवस माल तपासल्यावर त्याला आढळले की फोनच्या संदेशातील एका ठरावीक जागी एक ठरावीक अक्षर आले की कार्ड झोपते. त्याच जागी दुसरे एक अक्षर आधी येऊन गेले तर मात्र झोपत नाही! 2013 साली त्याने हे प्रसिद्ध केले. इंटेलने तपासून सांगितले की मदरबोर्ड बनवणाऱ्याने कार्डाच्या छोट्या स्मृतीत चुकीची माहिती भरली होती. ड्रायव्हर बिचारा बेकसूर. 2008 साली उलट घडले. लिनक्सच्या एका कच्च्या आवृत्तीने इंटेलच्या काही कार्डांची हीच स्मृती पुसून टाकली. प्रथम बोट त्या कार्डांच्या ड्रायव्हरकडे दाखवण्यात आले, पण अखेर दोष लिनक्सच्याच दुसऱ्या एका भागात निघाला.

इतके करूनही पत्ता लागला नाही तर सर्व्हरमधल्या दुसऱ्या पोर्टवर केबल लावावी. तेही तुटले तर स्विच बदलून पाहावा आणि शेवटी वेगळ्या जातीचे जादा कार्ड बसवावे. नवा सर्व्हर विकायला आलेल्याला तोवर थांबवावे, कारण कार्डाची किंमत त्याच्यापुढे काहीच नसते. कार्ड घेताना पक्के बिल आणि गॅरंटी मागावी. नामांकित कंपनीच्या छापाची नकली कार्डे बाजारात आहेत. जुने कार्ड लगेच भंगारात न टाकता, त्यावर काढल्याची तारीख लिहून महिनाभर कपाटात ठेवावे. नव्या कार्डावरही नेटवर्क तसेच तुटू लागले तर ते पुन्हा लागेल.