सफकमधल्या गल्लीबोळांतून सायकल

लंडनच्या मित्रांनो, सायकल धूळ खात पडली असेल तर सफक गाठा. लिव्हरपूल स्ट्रीटहून मार्क्स टे, तिथे गाडी बदलून सडबरी. पुढे लॅव्हनम, लिंडसे, कर्सी. लाकडी चौकटींच्या, वाकड्यातिकड्या घरांचं लॅव्हनम बघण्यासारखं आहेच, पण मला जास्त आवडतं ते लिंडसेचं तेराव्या शतकातलं, गवताने शाकारलेलं चिमुकलं चॅपल. कित्येक वर्षं त्याचा वापर चक्क धान्याचं कोठार म्हणून होत होता!

चढ आहेत, पण दम काढणारे नाहीत. अख्ख्या सफकमध्ये सर्वांत उंच जागा जेमतेम १२८ मीटर. ऑर्डनन्स सर्व्हेचा १५५ क्रमांकाचा लँडरेंजर नकाशा घ्या आणि त्यातले बारीक पिवळे रस्ते धरा. हे रस्ते बहुधा चार मीटरपेक्षाही अरुंद. दोन्हीकडे उंच कुंपणझाडी, त्यामुळे वळणापलीकडचं काही दिसत नाही. शांत दिसले तरी कायद्याने इथे ताशी ६० मैलांची मुभा असते, म्हणून वळणावर कान उघडे ठेवा. हेडफोन नकोच.

सप्टेंबरनंतर शेतकरी यंत्राने ही झाडी छाटतात आणि हॉथॉर्नचे काटे रस्ताभर पसरतात. पातळ टायर असेल तर पंक्चर ठरलेलं. २८ मिलिमीटर किंवा त्याहून जाड टायर लावा, दोन ट्यूब जवळ ठेवा.

कर्सीच्या मुख्य रस्त्यावरूनच ओढा वाहतो. तळ शेवाळलेला असतो. हिरोगिरी न करता बाजूच्या पादचारी पुलावरून सायकल हातात धरून न्या.