परदेशात दुसऱ्यांदा रुजताना

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातून बोलतोय, म्हणून आज एक क्रांतिकारक मास्तर.

सुट्टी संपवून परदेशी नोकरीवर परतलं की पुन्हा सगळं परकं वाटतं ना? वर्ध्याच्या पांडुरंग खानखोजेंना तर सुट्टीला घरी यायचीही सोय नव्हती. गदर चळवळीमुळे इंग्रज सरकार मागावर होतं. १९२४ साली ते मेक्सिकोत पोचले. चापिंगोच्या कृषी विद्यालयात स्पॅनिशमधून शिकवलं, शेतकऱ्यांसाठी शेतीशाळा काढल्या, मक्यावर संशोधन केलं. दिएगो रिवेरांनी त्यांना भित्तिचित्रात रंगवलं!

माझ्या मते, आपला कुणाला उपयोग झाला की गाव आपलं वाटतं. स्वातंत्र्यानंतर ते नागपूरला परतले. १९६७ला तिथंच वारले. तुम्ही परत गेलात की पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्याला काहीतरी शिकवा. पोहे चालतील!