बैलगाडा, गुटखा आणि केंद्राच्या कायद्याचा वरचष्मा
राज्यघटना आणि शेतशिवार : लेखांक ७

प्राण्यांच्या छळाला आळा घालणे आणि अन्नातील भेसळ रोखणे हे दोन्ही विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत, समवर्ती सूचीच्या अनुक्रमे १७ आणि १८ क्रमांकांवर आहेत. त्यांवर संसदही कायदा करू शकते आणि राज्याचे विधानमंडळही. दोघांचे कायदे परस्परविरोधी निघाले तर कोणाचा चालायचा, हे अनुच्छेद २५४ सांगतो. त्याच्या पहिल्या खंडानुसार राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी जेवढा विसंगत, तेवढा निरर्थक ठरतो. दुसऱ्या खंडाने राज्याला एक वाट ठेवली आहे. विधेयक राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवले आणि त्याला अनुमती मिळाली, तर त्या राज्यापुरता राज्याचा कायदा चालतो. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालत असल्याने ही संमती प्रत्यक्षात केंद्र सरकारचीच असते.

बैलगाडा : अनुमतीची वाट

या वाटेचे महाराष्ट्राला सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे बैलगाडा शर्यत. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० सालचा, केंद्राचा. कोणत्या प्राण्यांचे खेळ करायचे नाहीत, त्यांना त्यासाठी शिकवायचे नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्याच्या कलम २२ने केंद्र सरकारला दिला आहे. जुलै २०११ मध्ये अधिसूचना काढून त्या यादीत बैलाचा समावेश झाला. पुढे ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ए. नागराज खटल्यात तामिळनाडूतील जल्लीकट्टू या बैलांच्या खेळासह महाराष्ट्रातील शर्यतींवरही बंदी कायम केली. त्याच निकालात तामिळनाडूचा २००९चा जल्लीकट्टू कायदा रद्द झाला. तो केंद्रीय कायद्याशी विसंगत होता आणि त्याला राष्ट्रपतींची अनुमती नव्हती.

जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने नवी अधिसूचना काढून शर्यतींना सूट दिली, पण न्यायालयाने काही दिवसांतच तिला स्थगिती दिली. तेव्हा राज्यांनी कायदाच बदलायचे ठरवले. महाराष्ट्राने २०१७ मध्ये केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली, राष्ट्रपतींची अनुमती मिळवली आणि नियमही बनवले. तरीही मुंबई उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे बैल दावणीलाच राहिले. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली. १८ मे २०२३ रोजी न्या. के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने महाराष्ट्र, तामिळनाडू आणि कर्नाटक या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. दुरुस्ती आणि नियम एकत्र वाचले तर प्राण्यांच्या यातना बऱ्याच कमी होतात, आणि राष्ट्रपतींच्या अनुमतीतही दोष नाही, असे पीठाने म्हटले.

या निकालाने शर्यतीला सरसकट मोकळीक मिळालेली नाही. नाशिक जिल्ह्यातल्या एखाद्या गावाला जत्रेत बैलगाडे पळवायचे असतील, तर आयोजकांना जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो आणि ५० हजार रुपये अनामत भरावी लागते. धावपट्टी १,००० मीटरपेक्षा लांब चालत नाही. बैल पळण्यास योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला लागतो. चाबूक, काठी, विजेचा धक्का यांना मनाई आहे. बैलाला इजा केल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय राज्याला मिळालेली ही सूट कायमची नाही. अनुच्छेद २५४च्याच परंतुकानुसार संसद त्याच विषयावर पुन्हा कायदा करून राज्याचा कायदा बदलू किंवा रद्द करू शकते.

अन्न : उसना अधिकार

अन्नसुरक्षेत राज्याचा हात आणखी आखडता आहे. १९५४च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याची जागा अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ याने घेतली आणि ५ ऑगस्ट २०११ पासून तो प्रत्यक्ष अमलात आला. अन्न उद्योग केंद्राने आपल्या नियंत्रणाखाली घेणे लोकहिताचे आहे, असे त्याचे कलम २ जाहीर करते. अशी घोषणा झालेला उद्योग संघ सूचीत जातो, आणि २५४(२)ची वाट तर समवर्ती विषयांपुरतीच आहे. कलम ८९ या कायद्याला इतर कायद्यांवर मात देते. त्यामुळे नाशिकच्या मिसळीच्या हॉटेलात नमुना घ्यायला येणारा अन्नसुरक्षा अधिकारी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा असतो, पण तो लावतो ती मानके केंद्रीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाची असतात.

गुटखाबंदीत हा फरक नेमका दिसतो. महाराष्ट्राने जुन्या कायद्याखाली २००२ मध्ये गुटख्यावर पाच वर्षांची बंदी घातली. गोदावत पान मसाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ती रद्द केली. राज्याच्या अन्न प्राधिकाऱ्याचा अधिकार तात्पुरत्या, स्थानिक संकटापुरता आहे, दीर्घकालीन बंदीचा निर्णय केंद्राचा, असे कारण दिले गेले. नव्या कायद्याच्या कलम ३०ने राज्याच्या अन्नसुरक्षा आयुक्ताला सार्वजनिक आरोग्यासाठी जास्तीत जास्त एक वर्ष बंदी घालण्याचा अधिकार दिला. जुलै २०१२ पासूनची गुटखाबंदी याच आधारावर उभी आहे, म्हणूनच तिचा आदेश पुन्हा पुन्हा काढावा लागतो. हा अधिकार वापरतानाही रीत पाळावी लागते. २०१५ मध्ये मॅगीवरील केंद्रीय प्राधिकरणाचा आणि राज्याच्या आयुक्तांचा असे दोन्ही बंदी आदेश मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केले. उत्पादकाची बाजू ऐकली नव्हती आणि तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत झाली नव्हती.

अमेरिकेतील तुलना

अमेरिकेत राज्याला राष्ट्रपतींच्या अनुमतीसारखी सोय नाही. आजारी, उभे राहू न शकणाऱ्या डुकरांच्या कत्तलीबाबतचा कॅलिफोर्नियाचा कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये, संघराज्याच्या मांस तपासणी कायद्यापुढे टिकत नाही म्हणून, कत्तलखान्यांपुरता एकमताने बाद केला. मात्र अरुंद पिंजऱ्यांत वाढवलेल्या डुकरांचे मांस विकण्यास मनाई करणारा त्याच राज्याचा दुसरा कायदा ११ मे २०२३ रोजी टिकला. तिथे प्रश्न संघराज्याच्या एखाद्या कायद्याशी विसंगतीचा नव्हता, आंतरराज्य व्यापाराला अडथळा होतो का, एवढाच होता. अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, पशुपालनाचा असा व्यापक कायदा केलेला नाही. तो झाला, तर कॅलिफोर्नियाला दाद मागायला दुसरे दार उरणार नाही.