चहानंतरचा अर्धा तास

शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद आटोपली की शिक्षक भराभर गाड्या काढतात. पाच-सहा मुख्याध्यापक मात्र मागे रेंगाळतात. जानेवारीत रत्नागिरी तालुक्यातल्या एका केंद्रशाळेत मीही त्यांच्यामागच्या बाकावर बसून राहिलो.

‘मुख्याध्यापक’ हा शब्द इथे जरा भारदस्तच. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक. स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो तो पट 150च्या वर गेला तर. वाड्यावाड्यांत विखुरलेल्या कोकणात एवढा पट कुठून यायचा? मग दोघांतला सेवाज्येष्ठ तो मुख्याध्यापक. त्याने एका खोलीत दोन-तीन इयत्ता सांभाळायच्या, पोषण आहाराचा हिशेब ठेवायचा, यू-डायसवर शाळेची माहिती भरायची आणि शाळा व्यवस्थापन समितीची सभाही घ्यायची. अडलं तर केंद्रप्रमुख आहेत. पण ज्यांच्या शेऱ्यावर आपलं काम तोललं जातं, त्यांच्यापुढे ‘मला जमत नाही’ म्हणायला जीभ रेटत नाही. बरोबरीच्यांत ती रेटते.

त्या दिवशी एका बाईंनी विषय काढला. आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबाचा मुलगा पहिलीत बसतो. दोन महिने झाले, तोंडातून शब्द नाही.

या मंडळींचा एक दंडक आहे : आधी प्रश्न, सल्ला मागाहून. एक तरुण सर ‘मी तर काय करतो...’ म्हणून सरसावले, तर बाकीच्यांनी त्यांना हसत थांबवलं. निवृत्तीला आलेल्या गुरुजींनी चहाचा कप खाली ठेवला.

“बाई, तो बोलत नाही, की तो बोलतो ते आपल्याला कळत नाही?”

बाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “बहिणीशी बोलतो. मधल्या सुट्टीत. भरपूर.”

“बहीण कितवीत?”

“तिसरीत. माझ्याच खोलीत.”

पुढचं बाईंनीच जुळवलं. बहिणीला त्याच्याशेजारी बसवायचं. नेपाळीचीही लिपी देवनागरीच. हात, नाक, कान, घर हे शब्द तर दोन्हीकडे सारखेच. सुरुवात त्यांपासून करायची. तरुण सरांनी तेवढं वहीत टिपून घेतलं. त्यांच्या शाळेतही तशी दोन मुलं होती, हे आत्ता कुठे बाहेर आलं!

फेब्रुवारीत परत गेलो. बाईंनी पिशवीतून पाटी काढली. वेड्यावाकड्या अक्षरांत ‘घर’, आणि खाली मुलाने आपणहून लिहिलेलं ‘आमा’. म्हणजे आई. पाटी हातोहात फिरली. गुरुजी म्हणाले, “मे सरला की हे कुटुंब जाईल. बाई, दाखल्याबरोबर त्याला काय येतं तेही एका कागदावर लिहून द्या. पुढच्या बाईंना पुन्हा पहिल्यापासून नको.”

परिपत्रकं हल्ली मोबाइलवर येतात. ती वाचून दाखवायला परिषद कशाला हवी? तो वेळ या बाकांना द्यावा. आज हा अर्धा तास कुठल्याच विषयपत्रिकेवर नाही, आणि त्यासाठी थांबलेल्यांची शेवटची एसटी चुकते.