मोठा कॉर्ड, लहान हात

गिटार शिकायला निघालेल्या बाईला हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, ‘तुझे हात लहान, मोठे कॉर्ड नाही जमायचे.’ आज त्यातलाच एक मोठा कॉर्ड घेऊ, सी नाइन.

सी हा सा धरला, तर यात पाच स्वर येतात: सा, ग, प, कोमल नी आणि वरचा रे. म्हणजे सी, ई, जी, बी फ्लॅट आणि डी. पहिल्या चारांचा डॉमिनंट सेव्हन होतो, रे जोडला की नाइन. हा कॉर्ड कानाला अधांतरी ठेवतो. पुढे एफ वाजला की जीव भांड्यात पडतो. ही ओढ असते ग आणि कोमल नी या जोडीची. ई अर्धा स्वर चढून एफ होतो, बी फ्लॅट अर्धा उतरून ए. म्हणून ही जोडी सोडायची नाही. सा मात्र खुशाल सोडा, सोबत कुणी पेटीवर किंवा बेसवर तो धरत असेल तर. काउंट बेसीच्या वाद्यवृंदात १९३७ साली आलेले फ्रेडी ग्रीन दोन-तीन स्वरांतच कॉर्ड भागवत. खालचा स्वर तेव्हा वॉल्टर पेज यांच्या डबल बेसवर असायचा.

आता गिटार घ्या. सर्वांत बारीक तार पहिली. जाड दोन तारा छेडायच्याच नाहीत. चौथी तार दुसऱ्या फ्रेटवर दाबा. तिसरी, दुसरी, पहिली या तिघी तिसऱ्या फ्रेटवर, एकच बोट आडवं टाकून. सगळ्यांत खाली सी नाही, ई आहे. हे झालं पहिलं इन्व्हर्शन. आता एफ: चौथी तार तिसऱ्या फ्रेटवर, तिसरी दुसऱ्यावर, उरलेल्या दोन पहिल्यावर. कुठलाच स्वर दोन फ्रेटांपेक्षा लांब गेला नाही, बघा!

दुसऱ्या इन्व्हर्शनला पहिलं बोट पाचव्या फ्रेटवर चारही तारांवर आडवं. तिसरी तार सातव्यावर, पहिली सहाव्यावर. आता खाली जी आला. बी फ्लॅट खाली हवा, तर चौथ्या तारेपासून पहिलीपर्यंत फ्रेट ८, ९, ८, १०. तिथे फ्रेट जवळजवळ असतात, लहान बोटांची उलट सोयच.

एकटीनं वाजवलंत तर मात्र हाच आकार जी मायनर सिक्स वाटेल, कारण सा नाही. कुणी साथीला नसेल तर मोबाईलवरचा तानपुरा पांढरी एकमध्ये लावा आणि त्यावर वाजवा.